गाळाची गोष्ट कशी सांगायची

नदीवर बोलायचं म्हटलं की लोक "नदी आपली माता" पासून सुरू करतात आणि पोरं तिथेच जांभया द्यायला लागतात, त्यापेक्षा गाळाचा एक कण पकडा आणि त्यालाच हिरो करा. गोदावरीचं घ्या. ब्रह्मगिरीचा काळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, पावसाने झिजतो, कण सुटतो, नाशिकच्या घाटावरून पुढे पैठणला येतो आणि नाथसागरात अडकतो, कारण 1976 पासून तिथे जायकवाडी धरण आहे. खरा ट्विस्ट इथेच आहे, इथे थांबा आणि पोरांनाच विचारा की आता ह्याचं काय होणार? तळाशी बसला तर धरणात पाणी कमी मावतं, आणि तिकडे आंध्रात समुद्राकाठच्या त्रिभुज प्रदेशाला नवीन माती कमी मिळते. किंवा उन्हाळ्यात ट्रॅक्टरमधून कुणाच्या तरी शेतात जातो, "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना ऐकलीच असेल.

सोबत काचेची बरणी ठेवाच. नदीकाठची माती आणि पाणी घालून जोरात हलवायची, मग गोष्ट सुरू करायची. वाळू लगेच खाली बसते, पोयटा हळूहळू, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. स्लाइड्स बिड्स काही लागत नाहीत.

गावात कार्यक्रम असेल तर आधी म्हाताऱ्यांना गाठा, डोह कुठे होता, वाळू कधी संपली, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. आकडे शेवटी, तेही दोनच.