जांभ्याच्या जुन्या घराची दुरुस्ती कशी आखावी

सात-बारा, घरपट्टीचा उतारा आणि खर्चाची रक्कम हाताशी आहे असे गृहीत धरतो. भाऊबंदांची संमती तोंडीच असेल, तर आधी ती लेखी करून घ्यावी आणि मगच पुढचे वाचावे.

सुरुवातीला प्रत्येक खोलीची मापे घ्यावीत, भिंतींचे फोटो काढावेत आणि ओटी, पडवी, माजघर, देवळ्या, खुंट्या यांपैकी काय जसेच्या तसे ठेवायचे याची यादी कंत्राटदाराला बोलावण्यापूर्वीच लिहून काढावी. लाकूड दाभणाने टोचून पाहावे, विशेषतः तुळई भिंतीत शिरते तिथे. टोक कुजले असेल तर तेवढेच कापून नवे लाकूड सांधता येते, त्यासाठी अख्खी तुळई बदलण्याची गरज नसते.

मंगळुरी कौले उतरवताना त्यांच्या मागचा कारखान्याचा छाप पाहावा. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचा कौलांचा कारखाना 1865 मध्ये सुरू झाला आणि पुढे तिथे असे अनेक कारखाने निघाले. प्रत्येकाच्या खाचांत थोडा थोडा फरक असतो, त्यामुळे दोन छापांची कौले एका पाख्यावर नीट बसत नाहीत आणि गळती सुरू होते. फुटतूट भरून काढण्यासाठी पाडल्या जाणाऱ्या घरांतून त्याच छापाची कौले आधीच जमवून ठेवावीत.

आता भिंती. इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. आमच्या घराच्या माजघराची भिंत गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत ओल धरत असे. कंत्राटदाराने जुना चुन्याचा गिलावा खरवडून वर सिमेंटचा घट्ट थर दिला आणि त्यावर चकचकीत रंग लावला. पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या पावसाळ्यात ओल कंबरेपर्यंत चढली, गिलावा बोटाने ठोकताच पोकळ वाजू लागला आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात परातीएवढा तुकडा निखळून पडला. मागे जांभ्याच्या चिऱ्यांच्या सांध्यांत भरलेली माती चिखलासारखी ओली होती आणि चिऱ्यावर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, साचला होता.

कारण साधे आहे. जांभा सच्छिद्र असतो. तो जमिनीतले पाणी वर ओढतो आणि चुन्याचा गिलावा ते हळूहळू हवेत सोडून देतो. सिमेंटच्या थराने ही वाट अडते, त्यामुळे पाणी आणखी वर चढते आणि वाट मिळेल तिथे सुकते. सुकताना मागे राहिलेले क्षार गिलावा पोखरतात. ‘ओल बंद करण्यासाठी सिमेंट’ हा सल्ला म्हणूनच माझ्या दृष्टीने सर्वांत महागडा सल्ला आहे.

त्यामुळे भिंतीला हात लावण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा घरात राहून पाणी कुठून येते ते पाहावे. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साचते का, अंगणात मातीचे किंवा पेव्हर ब्लॉकचे थर चढून जोते बुडाले आहे का, हे आधी तपासावे. आमच्या अंगणाची पातळी वर्षानुवर्षांच्या भरावाने नऊ इंच वाढली होती. तो भराव काढून उतार घरापासून बाहेर दिला, तेव्हा निम्मी ओल गिलाव्याला हात न लावताच गेली. आतल्या जमिनीवर काँक्रीट ओतून गुळगुळीत फरश्या बसवण्याचा मोहही टाळावा, कारण जमिनीतून सुकणारे पाणी मग भिंतींकडे वळते.

गिलाव्याचे काम पावसाळा सरल्यावर, दसऱ्यानंतर काढावे. कळीचा चुना पुरेशा पाण्यात विरवून निदान काही आठवडे मुरू द्यावा. विरताना तो उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर गंभीर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे वापरल्याशिवाय कोणालाही जवळ जाऊ देऊ नये. ओलीच्या डागाच्या वर दीड-दोन फुटांपर्यंतचा सिमेंटचा थर काढून भिंत सुकू द्यावी. मग एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू या प्रमाणात पातळ थर द्यावेत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो, म्हणून एक थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा चढवू नये. कामावर ऊन पडू देऊ नये आणि त्यावर गोणपाट टांगून ते ओले ठेवावे.

गवंडी इथे हमखास म्हणेल, ‘‘पाटीभर सिमेंट टाकूया, पकड चांगली येते.’’ त्याला ठाम नकार द्यावा, आणि कोणता माल वापरायचा ते करारात आधीच लिहून घ्यावे. चुन्याचे काम येणारा माणूस तालुक्यात मिळत नसेल तर कामच एक वर्ष पुढे ढकलावे. मी ढकलले आहे.

विजेच्या तारा भिंत न खोदता लाकडी पट्टीवरून न्याव्यात आणि नवे न्हाणीघर मागल्या पडवीला जोडून काढावे. शेवटी प्लास्टिक रंगाऐवजी चुन्याची सफेदी द्यावी आणि दर दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा देण्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरून ठेवावा.