जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेताय? बटण दाबण्याआधी स्लाइडखाली आडवे व्हा

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं फिरतं घर. तो मुक्कामी उभा केला की भिंतीचा एक भाग कपाटाच्या खणासारखा बाहेर सरकतो आणि आतली जागा तीनेक फुटांनी वाढते, त्याला स्लाइड-आउट म्हणतात. बोलताना नुसतं स्लाइड. अमेरिकेत मुलं आणि सुट्टीला आलेले आजी-आजोबा घेऊन फिरायचं तर या तीन फुटांवरच सगळ्यांचं हसणं-खेळणं अवलंबून असतं, त्यामुळे जुना ट्रेलर शोधतानाही स्लाइडवालाच बघितला जातो.

बघायला गेलेल्याचं सगळं लक्ष बटणावर असतं. दाबलं, बाहेर आली, पुन्हा दाबलं, आत गेली, झाली तपासणी. प्रत्यक्षात बटणाने जे कळतं ते सगळ्यात स्वस्त दुखणं. मोटर गेली तर सहसा काही शे डॉलरमध्ये भागतं. स्लाइडची जमीन पाण्याने कुजली असेल तर तीच गोष्ट काही हजारांवर जाते, आणि ती कुजलेली स्लाइडसुद्धा बटण दाबलं की गुमान बाहेर येते. म्हणून पाणी आधी शोधायचं, मोटर नंतर.

फोनवरच ठरवायच्या गोष्टी

विकणाऱ्याला तीन गोष्टी सांगून ठेवा: बॅटरी पूर्ण चार्ज करा, आम्ही येईपर्यंत स्लाइड बंदच ठेवा, आणि स्लाइडच्या बाजूला किमान पाच फूट मोकळी जागा ठेवा. बंद ठेवायला सांगायचं कारण असं की बरेच दिवस बंद असलेल्या ट्रेलरचा पहिला वास आणि पहिली उघडझाप फार बोलकी असते. दार उघडल्याबरोबर कोंदट, कुबट वास आला किंवा उलट प्रत्येक कोपऱ्यात सुगंधी डब्या ठेवलेल्या दिसल्या, तर दोन्हीचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. 'स्टोरेजमध्ये शेजारचा ट्रेलर चिकटून उभा आहे, इथे उघडता येणार नाही' असं उत्तर मिळालं, तर ट्रेलर हलवून मोकळ्या जागी आणेपर्यंत जाऊच नका.

सोबत टेप, दोन फुटी स्पिरिट लेव्हल, टॉर्च, छोटा स्क्रू ड्रायव्हर, मल्टीमीटर, लाकडातला ओलावा मोजायचं मीटर आणि शिडी घ्या. एक जुनी सतरंजीही घ्या. ट्रेलरखाली झोपायचं आहे.

आधी पाणी

ट्रेलर समपातळीवर आहे ना आणि कोपऱ्यांचे जॅक टेकवलेत ना, हे बघून विकणाऱ्याकडून स्लाइड पूर्ण बाहेर काढून घ्या आणि लगेच सतरंजी टाकून खाली जा. स्लाइडची जमीन बहुधा ओएसबीची (लाकडाच्या चिपट्या दाबून केलेल्या फळीची) किंवा प्लायवुडची असते आणि खालून काळ्या विणलेल्या प्लास्टिकच्या कापडाने मढवलेली असते. पावसाचं पाणी स्लाइडच्या बाहेरच्या भिंतीवरून ओघळतं, खालच्या कडेला येतं, कडेवरून आत वळतं आणि लाकडाच्या कापलेल्या धारेत मुरतं. ते काळं कापड रस्त्यावरचं पाणी अडवायला असतं, पण एकदा पाणी आत शिरलं की तेच कापड त्याला सुकू देत नाही.

म्हणून बाहेरचे खालचे दोन कोपरे सगळ्यात महत्त्वाचे. तिथे अंगठ्याने जोर देऊन दाबा. चांगलं लाकूड ढिम्म हलत नाही. कापड आत दबलं, आतून चहात बुडवलेल्या टोस्टासारखं मऊ लागलं, किंवा स्टेपलच्या पिना गंजून भोवती तपकिरी वर्तुळं उमटलेली दिसली, तर जमीन गेलेली आहे. शंका असेल तर विकणाऱ्याची परवानगी घेऊन, कापड आधीच फाटलं असेल तिथून स्क्रू ड्रायव्हरचं टोक लाकडाला टेकवा. कोरड्या लाकडात ते घुसत नाही, कुजलेल्यात पाव इंच सहज जातं. कोपऱ्यापासून आत कुठवर मऊ आहे ते टेपने मोजून लिहून ठेवा. तीन इंचांचा तुकडा बदलता येतो. दीड फूट आत गेलेली कूज म्हणजे पूर्ण जमीन बदलणं, आणि त्यासाठी बहुतेक वेळा अख्खी स्लाइड ट्रेलरमधून बाहेर काढावी लागते. खरा खर्च तिथे आहे.

आत येऊन त्याच कोपऱ्यांवर उभं राहा, टाचेने दाबा. सोफा किंवा डायनेटच्या (जेवणाच्या टेबलाभोवतीच्या बाकांच्या) खालची कप्प्यांची झाकणं उचलून टॉर्च मारा. गालिचा असेल तर कडेला थोडा उचलून बघा. ओलाव्याच्या मीटरचा आकडा प्लायवुड आणि ओएसबीवर तंतोतंत नसतो, म्हणून आधी ट्रेलरच्या नक्की कोरड्या जागी, उदाहरणार्थ पलंगाखाली मधोमध, आकडा घ्या आणि मग स्लाइडच्या कोपऱ्यांशी ताडून बघा. ढोबळमानाने १५ टक्क्यांच्या खाली कोरडं, २० च्या वर पाणी कुठून तरी येतंय असं समजायचं.

नंतर शिडी. स्लाइडचं छप्पर सपाट असतं, पाणी साचतं, पानं आणि झाडांच्या काड्या पडतात. रबरी छपरावर चिरा, फुगे, फांदीने ओढलेले ओरखडे बघा. पट्टीच्या कडेला लावलेला सीलंट तडकलेला असेल तर ते नेहमीच्या देखभालीचं काम. पण सगळीकडे ताजा पांढरा सिलिकॉन फासलेला दिसला तर जरा थांबा. सिलिकॉन रबरी छपराला नीट धरत नाही आणि त्याच्यावर दुसरा सीलंटही चिकटत नाही, म्हणजे घाईत गळती झाकलेली असू शकते. स्लाइडवर कापडी छत गुंडाळणारा टॉपर असेल तर तो ताणून बघा. त्याच्या शिलाया उन्हाने विरतात.

बाहेरची भिंत फायबरग्लासची असेल तर तिच्या अगदी कडेला गाल लावून लांबवर नजर टाका, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. सरळ भिंतीत लाटा किंवा फुगवटे दिसले, तळव्याने दाबल्यावर पत्रा हलला किंवा करकरला, तर आतला थर सुटलाय. ही दुरुस्ती क्वचितच परवडते. स्लाइडच्या चौकटीजवळ फुगवटा असेल तर भाव करण्यात वेळ घालवू नका.

रबरी सील दोन प्रकारचे. पोकळ नळीसारखं सील स्लाइड बंद झाली की दाबलं जातं, आणि जिभेसारखी पट्टी स्लाइड सरकताना तिची भिंत पुसत जाते. कोपऱ्यांत दोन पट्ट्या एकमेकींना भेटतात का बघा, फट तिथेच राहते. संध्याकाळी एकाला आत टॉर्च घेऊन उभं करा आणि तुम्ही बाहेरून फटी बघा. प्रकाश दिसतो तिथून पाणी आणि उंदीर दोन्ही येतात. चिरलेलं सील बदलणं अवघड नाही, भाव कमी करायला ते बरंच आहे.

मग यंत्र

कुठल्या प्रकारची यंत्रणा आहे ते आधी ओळखा, कारण प्रत्येकीची दुखणी वेगळी.

स्लाइडखाली ट्रेलरच्या चौकटीतून दोन जाड पोलादी नळ्या बाहेर येत असतील आणि त्यांवर दातेरी पट्टी असेल, तर ती रॅक-पिनियन. ही दणकट. दात तुटलेत का, नळ्या सरळ आहेत का, आणि चौकटीच्या आय-बीमला (इंग्रजी I आकाराच्या पोलादी तुळईला) जिथे नळीसाठी भोक पाडलंय तिथल्या वेल्डिंगला बारीक चीर गेलीय का, हे बघा. एकच मोटर दोन्ही बाजू एका आडव्या दांड्याने फिरवते. त्या दांड्यातली पिन किंवा बोल्ट तुटला की एक बाजू चालते, दुसरी जागेवर राहते.

खाली काहीच दिसत नाही, पण स्लाइडच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वर आणि खाली ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या आहेत, तर ती भिंतीतली यंत्रणा. बाजारात ती श्विंटेक या नावाने ओळखतात. दोन्ही बाजूंना स्वतंत्र मोटर, आणि एक कंट्रोलर दोघींना एका तालात ठेवतो. हलकी आहे, जागा खात नाही, पण नाजूक. पट्टीच्या दातांवर बोट फिरवून बघा: बोटाला चंदेरी-करडी भुकटी लागली, दातांची टोकं चपटी झालेली दिसली, तर स्लाइड बरेच दिवस तिरकी चालली आहे. हिला एका दमात पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत न्यायचं असतं, आणि शेवटी मोटरी आपोआप थांबेपर्यंत बटण सोडायचं नसतं, तेव्हाच दोघी पुन्हा जुळतात. विकणारा जर सवयीने 'थोडी बाहेर, थोडी आत, परत थोडी बाहेर' करत असेल, तर त्याला हा ताल बिघडल्याचं बहुधा माहीत आहे.

कोपऱ्यांतून पोलादी दोर जात असतील तर ती केबलची. दोरावरून जुनं फडकं फिरवा, हात नको. फडकं अडकलं म्हणजे तारा तुटल्यात, विशेषतः कप्पीजवळ. सैल दोर ताणता येतो, तुटक्या तारांचा बदलावाच लागतो. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी स्लाइड बहुधा मोठ्या फिफ्थ व्हीलमध्ये (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडायच्या ट्रेलरमध्ये) सापडते. तिच्यात पंपाच्या टाकीतली तेलाची पातळी आणि सिलिंडरखालचे ओले डाग बघितले की पुष्कळ कळतं.

चालवून बघताना

मल्टीमीटर बॅटरीला लावा. पूर्ण चार्ज, विश्रांतीतली साधी लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आता बटण दाबून ठेवा आणि आकडा बघत राहा. ११ च्या खाली घसरला तर बॅटरी तरी दमलीय किंवा जोडण्या गंजल्यात. 'मोटर खराब आहे' म्हणून स्वस्तात काढलेल्या ट्रेलरमध्ये कधीकधी एवढंच निघतं, आणि तो सौदा तुमच्या फायद्याचा. बाहेरची वीज जोडून पुन्हा चालवा. तिच्यावर नीट चालते आणि बॅटरीवर रडते, तर शंका बॅटरीवर.

तीन वेळा बाहेर-आत करा, मध्ये पाच-सहा मिनिटं मोटर थंड होऊ द्या. एकाने आत, एकाने बाहेर राहायचं. दोन्ही बाजू एकत्र निघतात का, एकत्र पोचतात का? आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा हवा. काही यंत्रणांत अगदी टोकाला टकटक होते, तो क्लचचा आवाज, त्यात बिघाड नाही. मध्येच खरखर, किंवा पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी खणासारखी एका बाजूने अडून झटक्याने सुटणं, हा बिघाड. प्रत्येक फेरीचा वेळ फोनवर मोजा. आत जाताना थोडा जास्त लागणं ठीक, दुप्पट लागणं नव्हे.

स्लाइड पूर्ण बंद झाल्यावर बाहेरची पट्टी आणि ट्रेलरची भिंत यांतली फट चारही कोपऱ्यांत मोजा. कोपऱ्याकोपऱ्यात अष्टमांश इंचाचा फरक चालवून घ्या. पाव इंचाच्या वर गेला तर स्लाइड तिरकी बसतेय आणि सील एका बाजूला दाबलंच जात नाहीये. पूर्ण बाहेर असताना जमिनीवर स्पिरिट लेव्हल ठेवून मुख्य जमिनीशी ताडा. बाहेरची कड खाली झुकली असेल तर खाली जाऊन पुन्हा ते दोन कोपरे बघा. आतल्या फरशीवर समांतर ओरखडे असतील तर खालचे रोलर अडकलेत किंवा झिजलेत.

स्लाइडमध्ये स्वयंपाकघर असेल तर गॅसची आणि पाण्याची लवचीक नळी प्रत्येक फेरीत सोबत हलते. ती कुठे चेपते का, हे टॉर्चने बघा. स्लाइड उघडी असताना आणि बंद असतानाही तिच्यातले दिवे आणि प्लग चालले पाहिजेत.

शेवटी हाताने बंद करायची युक्ती विकणाऱ्याला करून दाखवायला सांगा. क्रँक (हाताने फिरवायचा दांडा) कुठे लागतो, मोटरचा ब्रेक कुठून सोडायचा, हे त्यालाही ठाऊक नसेल तर मॅन्युअल मागा. क्रँकच जागेवर नसेल तर त्याची किंमत वजा करा. मग बागेची पाण्याची नळी कमी दाबावर स्लाइडच्या वरच्या कडेला पंधरा मिनिटं सोडा, आधी उघडी असताना, नंतर बंद करून, आणि आत छताची पट्टी व जमिनीचे कोपरे कोरड्या कागदाने पुसत राहा. नळी लावायला विकणारा तयार नसेल तर एनआरव्हीआयए या अमेरिकेतल्या आरव्ही-निरीक्षकांच्या संघटनेचा (आरव्ही म्हणजे अशी फिरती घरं) प्रमाणित निरीक्षक पैसे देऊन बोलवा. ट्रेलरचा १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) आदल्या दिवशीच मागून घेऊन, कंपनीला फोन करून त्यावर एखादा रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने दिलेलं बोलावणं) बाकी आहे का ते विचारून ठेवा.