माणसांवरील वैद्यकीय संशोधन : संमती घेताना होणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात पदव्युत्तर प्रबंधाला विषयांची वाण नाही. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांची श्रवणशक्ती, शिरोलीच्या फौंड्रीतील धूळ आणि फुफ्फुसांचे विकार, उसाच्या फडात राबणाऱ्या बायकांचे हिमोग्लोबिन, असे मोलाचे विषय घेऊन तरुण डॉक्टर एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे माणसांवरील संशोधनाचे आराखडे तपासून मंजुरी देणाऱ्या समितीपुढे, येतात आणि त्यांची तळमळ खरी असते. तरीही अनेक आराखडे परत पाठवावे लागतात, कारण संमती म्हणजे सही घेण्याचे काम, अशी समजूत त्यांत खोलवर रुजलेली दिसते.

सर्वांत आधी तारखांची चूक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमिटीची मंजुरी हाती येण्यापूर्वी संशोधनासाठी एकाही सहभागीकडून माहिती घेता येत नाही. ‘नुसती प्रश्नावली आहे, सुई कुठे टोचायची आहे?’ असे म्हणून काही जण आधीच फॉर्म भरायला घेतात. धोका कमी असेल तर आराखड्याची जलद छाननी होऊ शकते, काही वेळा छाननीतून सूटही मिळते. पण ते कमिटीने ठरवायचे असते, विद्यार्थ्याने किंवा त्याच्या मार्गदर्शकाने नव्हे. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणीही पहिला सहभागी घेण्याआधीच व्हावी लागते; १ एप्रिल २०१८ पासून तेथे मागाहून नोंदणी स्वीकारली जात नाही.

चूक होऊन गेली असेल, समजा मंजुरीआधीच वीस फॉर्म भरून झाले असतील, तर काम त्याच दिवशी थांबवावे, ते फॉर्म वेगळे बांधून ठेवावेत आणि घडले तसे कमिटीला लेखी कळवावे. ती माहिती बहुधा प्रबंधात वापरता येणार नाही, याची मनाची तयारी ठेवावी. मागची तारीख मात्र कधीही घालू नये. वीस फॉर्म गेल्याने प्रबंध अडत नाही. खोट्या तारखेने मात्र त्यातल्या प्रत्येक आकड्यावरचा विश्वास जातो.

दुसरी चूक अधिक नाजूक आहे आणि आपल्या भागात ती फार होते. हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत त्याचा शब्द मोडणे त्यांना परवडत नाही. अशा तळावर संशोधक मुकादमाला भेटतो, मुकादम हाक मारतो, बायका रांगेत उभ्या राहतात आणि तासाभरात चाळीस अंगठे उमटतात. मुकादमाने दिली ती तळावर येण्याची परवानगी. रक्त देण्याची संमती ज्या बाईचे रक्त तिचीच, आणि ती मुकादम व घरची मंडळी जवळ ऐकत नसताना विचारली तरच खरी. यंत्रमाग कारखान्यात मालकाबाबतही हेच लागू आहे. अंगठा घ्यायचा असेल तेव्हा निःपक्षपाती साक्षीदार लागतो. तो संशोधकाचा सहकारी नसावा आणि मुकादम तर नसावाच. मजुरी बुडत असेल तर तिची व प्रवासखर्चाची भरपाई देणे योग्य आहे, पण ती किती द्यायची हे कमिटीकडून आधी मंजूर करून घ्यावे, कारण मोठी रक्कम दिसली की गरजू माणूस धोक्याचा विचारच करत नाही.

संमतीपत्राची मराठी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एका फॉर्ममध्ये वाक्य होते, ‘आपणांस यादृच्छिक पद्धतीने नियंत्रण गटात समाविष्ट करण्यात येईल.’ कमिटीवर सामान्य नागरिकांच्या वतीने असलेल्या ताईंनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “नियंत्रण म्हणजे बाईला कुठं डांबून ठेवणार काय?” आम्ही ते वाक्य बदलून घेतले : ‘नवीन औषध कोणाला आणि नेहमीचे कोणाला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरेल, डॉक्टर ते निवडणार नाहीत.’ ‘५ मिली रक्त’ याच्यापुढे ‘चहाचा एक चमचा’ असे लिहिले की घाबरलेला माणूस सावरतो. हे उपचार नसून संशोधन आहे, हे पहिल्याच परिच्छेदात यावे. तीन पानांनंतर आले तर ते कोणी वाचत नाही.

फॉर्म वाचून झाल्यावर ‘समजलं का?’ असे विचारू नये, कारण डॉक्टरांपुढे कोणीही मान डोलावतो. त्याऐवजी विचारावे, “मावशी, तुम्ही नको म्हटलं तर काय होईल?” “मग गोळ्या बंद व्हतील नव्हं?” असे उत्तर आले तर संमती झालेली नाही, पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगावे. सही झाल्यावर माहितीपत्रकाची आणि संमतीपत्राची प्रत तिच्या हातात द्यावी.

सहभागी लहान मूल असेल तर पालकांच्या सहीवर भागत नाही. ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलाचा तोंडी होकार पालकांसमोर घ्यावा, तर १२ ते १८ वर्षे वयोगटात तो लेखी असावा. पालकांची संमती दोन्ही वेळा हवीच.

गुप्ततेची चूक हल्ली मोबाईलमुळे वाढली आहे. केसपेपरचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला की तो किती हातांत गेला हे कोणालाच सांगता येत नाही. सहभागीला क्रमांक द्यावा आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवावी. नाव काढले म्हणजे ओळख पुसली, असेही समजू नये : दुर्मीळ आजार, वय आणि शाहूवाडी तालुक्यातल्या लहानशा वाडीचे नाव एकत्र छापले, तर गावात त्या माणसाला कोण ओळखणार नाही?

शेवटी तपासणीच्या निकालांविषयी. तळावर रक्त तपासताना एखाद्या गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ६ निघाले, तर तो आकडा तक्त्यात भरून पुढच्या झोपडीकडे वळता येत नाही. तिला त्याच दिवशी सांगायचे, चिठ्ठी लिहून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवायचे आणि ती तिथे पोहोचली का, हे दुसऱ्या दिवशी विचारायचे. ही सोय कोण करणार आणि त्याचा खर्च कुठून येणार, हे आराखड्यातच लिहिलेले असावे. टोळी आठवड्याभरात दुसऱ्या गावच्या फडावर हलते, आणि मग त्या बाईला शोधायचे कुठे?