एकांकिकेत बाधित पोर आणताय? या चुका टाळा

दर पावसाळ्यात झॉम्बीची संहिता घेऊन दोन-तीन जण माझ्याकडं येतात. कोण खानापूरचा, कोण निपाणीचा. गोष्ट ठरलेली: साथ आलीय, पोराला चावा बसलाय, आईबाप त्याला लपवूलेत. विषय झकास. वाटोळं पुढं होतं.

चावा बसला की दुसऱ्या मिनिटाला पोराचे डोळे पांढरे! या एका चुकीनं माझं डोकं उठतं. अहो, मग आईबापाला करायला उरलं काय?

माझा मुलगा सात वर्षांचा असताना बेळगावातल्या अनगोळला गल्लीतल्या कुत्र्यानं त्याची पोटरी फोडली. आजी तिखटाची वाटी घेऊन धावली. बायकोनं ती हिसकावली, पोराला मोरीत नेलं आणि साबण लावून १५ मिनिटं, घड्याळ बघून, पाय नळाखाली धरला. पोरगं बोंबलतंय, आजी शिव्या घालतेय. मग दवाखान्यात जखमेत सीरम आणि दंडात लस. पहिली त्याच दिवशी, पुढच्या ३, ७ आणि २८ दिवसांनी. रेबीजची लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात, क्वचित वर्षही, आणि दिसली की माणूस जवळपास हातचा गेलाच. डॉक्टरांनी सांगितलेलं हे मी घरात कुणाला बोललो नाही.

कुत्रं १० दिवस धड राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात. म्हणून त्याच कुत्र्याला रोज भाकरी. बायको दारात चप्पल काढता काढता विचारायची, "कुत्रं जेवलं काय?" पोराची चौकशी मागनं. आणि मी? पोराच्या हातात पाण्याचा पेला द्यायचा आणि त्याच्या गळ्याकडं बघत बसायचो. घोट खाली उतरला की मग माझा श्वास. एकदा नुसता ठसका लागला, तर माझ्या हातातली कपबशी फुटली.

लिहायचे ते हे १० दिवस. तुम्ही लिहिता धावाधाव, कारण ती बसवायला सोपी. 'सर, तीन तालमीत उभं करतो' म्हणणाऱ्याला मी चहा पाजून घरी पाठवतो.

दुसरं, 'लष्करानं शहर सील केलं.' कशाला? महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरचा कोगनोळी नाका आहे की! २०२१ साली महाराष्ट्रातनं येणाऱ्याला आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवल्याशिवाय तिथनं आत सोडत नव्हते. बाप कोल्हापूरहून पोराला घरी आणतोय, शिपाई कन्नडात विचारतोय, बाप कन्नडातच थाप मारतोय, आणि मागच्या सीटवर तापानं फणफणलेलं पोर मराठीत बरळायला लागतं. फुकटचा प्रसंग, कुणी उचलत नाही.

आईची भाषा पुण्याची नको. आमच्याकडची आई "काय करूलास रे?" असंच म्हणणार.

शेवटच्या पाच मिनिटांत इंजेक्शन घेऊन येणारा शास्त्रज्ञ: काट मारा.

आणि पोराला मुकं ठेवू नका. कोपऱ्यात बसून गुरगुरणारं पोर म्हणजे लेखकाचा आळस. पोरं पोरंच असतात, चावा बसला तरी. आमचं ध्यान पाचव्या दिवशी जेवताना एकदम ताटावर वाकून भुंकलं, आम्हाला भेवडवायला. बायकोनं काडकन कानफटात दिली आणि तीच पदरात तोंड घालून बसली. हा दुसऱ्या दिवशी शाळेत, एका गोळीच्या बदल्यात भुंकून दाखवत होता.