टॉवर साइटवर बाहेरचे अलार्म जोडताना

दार उघडं, धूर, वीज गेली, डिझेल कमी असे अलार्म बेस स्टेशनला (टॉवरवरून मोबाइल सिग्नल देणाऱ्या यंत्रणेला) जोडताना सेन्सरचा कॉन्टॅक्ट शक्यतो नॉर्मली क्लोज्डच घ्या. सगळं ठीक असताना हे सर्किट जोडलेलं असतं, त्यामुळे उंदराने वायर कुरतडली किंवा कुणी कापली तरी अलार्म येतो. नॉर्मली ओपनमध्ये, म्हणजे एरवी सर्किट सुटं असतं तिथे, तुटलेली वायर गप्प बसते आणि कळतं ते चोरी झाल्यावर. सॉफ्टवेअरमधली सेटिंगही तीच हवी, नाहीतर दार बंद असतानाच अलार्म दिसत राहील.

अलार्म इनपुटला सहसा कोरा, म्हणजे व्होल्टेज नसलेला कॉन्टॅक्ट लागतो. चुकून ४८ व्होल्टची वायर लागली तर पोर्ट जळू शकतो. बाहेरची उपकरणं चालू-बंद करणाऱ्या कंट्रोल आउटपुटवर सायरन किंवा पंखा थेट लावू नका, मध्ये वेगळा रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) घाला.

चाचणी टर्मिनलवर वायर काढून किंवा शॉर्ट करून आटपू नका. दार खरंच उघडा, बॅटरी भरलेली आहे हे बघून मेन्सचा (बाहेरून येणाऱ्या विजेचा) एमसीबी स्विच पाडा, आणि कंट्रोल रूमला फोन लावून त्यांच्या स्क्रीनवरचा मजकूर वाचून घ्या. अदलाबदल झालेल्या वायरी इथेच सापडतात. आणि अलार्मचं नाव ‘अलार्म ३’ असं ठेवू नका. रात्री २ वाजता ड्यूटीवरच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. ‘शेल्टरचं दार उघडं’ असं स्पष्ट लिहा.