गावात पायवाट आणि सायकलवाट आखताना या चुका टाळा

वाडीवस्तीवरच्या पोरांना राज्यमार्गावरच्या ट्रॉल्या चुकवत न जाता शाळा गाठता यावी, म्हाताऱ्या माणसांना एसटीच्या थांब्यापर्यंत निवांत चालत येता यावं, यासाठी गावात वाटा आखायचं काम हल्ली बरीच मंडळी हाती घेतात. कुठं ग्रामपंचायतीतला नवा सदस्य, कुठं हायस्कूलचे सर, कुठं सुट्टीला गावी आलेली पोरं. याचा मला मनापासून आनंद आहे. पण गाव बदलतं, तालुका बदलतो आणि चुका मात्र त्याच राहतात. सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यात ज्या सारख्या दिसतात त्या इथं लिहितो. कोकणातल्या पाखाड्या आणि साकवांचं गणित निराळं आहे, तिकडच्यांनी यातलं लागू पडेल तेवढं घ्यावं.

उन्हाळ्यात पाहणी करून मोकळं होणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीनं होतं. एप्रिल-मे महिन्यात रान मोकळं असतं, सुट्ट्या असतात, माणसं भेटतात, म्हणून पाहणी तेव्हाच उरकली जाते. ओढा कोरडा, पाणंद टणक, पाय टाकू तिथं वाट. मोबाइलवर रेघ ओढली की नकाशा तयार, आणि जूनमध्ये सगळं पाण्यात.

एका गावात असंच झालं. वस्तीपासून हायस्कूलपर्यंत डांबरी रस्त्यानं लांबचा फेरा पडत होता. उत्साही मंडळींनी मे महिन्यात ओढ्याच्या कडेनं जवळची वाट शोधली, झुडपं तोडली, मोठ्या दगडांना चुना लावून खुणा केल्या. उद्घाटनाला सरपंचही आले. जुलैमध्ये मी त्या वाटेनं गेलो तेव्हा आठवी-नववीच्या मुली सायकली हातात धरून चालत होत्या. काळी माती ओली झाली की चाकाला नुसती चिकटत नाही, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून भरते आणि चाक फिरायचं थांबतं. एक मुलगी तुरीच्या काडीनं तो चिखल उकरत होती. चार पावलं सायकल ढकलायची, थांबायचं, पुन्हा उकरायचं. पुढं ओढ्याला गुडघाभर पाणी. तिथं दोघींनी मिळून एकेक सायकल उचलून पलीकडं नेली. पुढच्या आठवड्यात त्या सगळ्या परत डांबरी रस्त्यावर दिसल्या, आणि "सोय करून दिली तरी पोरी वापरत नाहीत" असं चावडीवर बोललं जाऊ लागलं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

उपाय काही अवघड नाही. श्रावणात चांगली सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाटेनं सायकल घेऊन जायचं. माझी सवय तरी हीच आहे. उन्हाळ्यातच पाहणी करावी लागत असेल तर भेगा बघा. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा जिथं जास्त रुंद, तिथं पावसाळ्यात चिखलही जास्त खोल. गुरं राखणाऱ्या माणसाला विचारा, पाणी कुठं तुंबतं, ओढा किती वेळात उतरतो हे त्याला तोंडपाठ असतं. आणि मुरूम टाकण्याआधी कडेचा चर खणा. चर नसलेल्या वाटेवरचा मुरूम पहिल्या पावसाळ्यातच खाली दबतो आणि माती वर येते. मुरूम फोटोत दिसतो, चर दिसत नाही, म्हणून पैसे नेहमी मुरमावर खर्च होतात.

"जावा की आमच्या बांधावरनं" एवढ्यावर वाट बांधणं

दुसरी चूक जमिनीची. आपल्याकडं शेतकरी दिलदार असतो. शाळेच्या पोरांसाठी वाट हवी म्हटलं की तो पटकन म्हणतो, "जावा की आमच्या बांधावरनं, पोरं काय परकी हाईत व्हय?" हे शब्द खरेच असतात, त्यात खोट नसते. पण शब्दावर मुरूम टाकायचा नसतो.

माझ्या पाहण्यातल्या एका गावात अशाच शब्दावर चांगली वाट झाली. दोन पावसाळे मुलं तिच्यावरून गेली. मग शब्द देणारे आजोबा वारले, मुलांत वाटण्या झाल्या आणि बांध धाकट्याच्या वाट्याला आला. त्यानं डाळिंब लावलं आणि चोरीच्या भीतीनं तारेचं कुंपण घातलं. त्याला दोष तरी काय द्यायचा? त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. ग्रामपंचायतीनं तहसीलला अर्ज केला, तोही महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली. ते कलम शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळावी यासाठी आहे, शाळेच्या सायकलवाटेसाठी नाही. अर्ज फेटाळला गेला, गावात दोन तट पडले आणि मुलं पुन्हा राज्यमार्गावर.

खरी हळहळ पुढं आहे. नंतर कुणीतरी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल आणली, तर त्याच डाळिंबाच्या रानापलीकडं, हाकेच्या अंतरावर, जुनी पायवाट दाखवलेली होती. वेड्या बाभळीनं ती इतकी गिळली होती की तिथं वाट आहे हे विशीतल्या पोरांना माहीतच नव्हतं. म्हाताऱ्यांना माहीत होतं, पण त्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं. शेवटी मोजणी झाली, बाभळी निघाल्या आणि आज मुलं तिथूनच जातात. हेच आधी केलं असतं तर गावातला तंटा टळला असता.

म्हणून माझा क्रम असा असतो: आधी गाव नकाशा, मग म्हातारी माणसं, मग प्रत्यक्ष रान, आणि मोबाइल सगळ्यात शेवटी. गाव नकाशावर दुहेरी तुटक रेघ असेल तर गाडीवाट, एकेरी तुटक रेघ असेल तर पायवाट. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटांच्या हद्दी मोबाइलवर बघता येतात, पण तेवढ्यावर थांबू नका, नक्कल काढा आणि उजेडात धरून नीट वाचा. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचा हा चौथा भाग. सव्वाआठ फूट म्हणजे अडीच मीटर. समोरासमोरून आलेल्या दोन सायकली एकमेकींना ओलांडून जायला दोन मीटर पुरतात. म्हणजे बैलगाड्यांच्या काळात मोजून ठेवलेली पायवाट आजच्या सायकलवाटेला जशीच्या तशी पुरते, आणि आपण मात्र खाजगी बांध शोधत फिरतो.

खाजगी रानातून जाण्याशिवाय गत्यंतरच नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्यांचं लेखी संमतीपत्र घ्या, ग्रामसभेत ठराव करा आणि झालेला रस्ता ग्रामपंचायतीच्या नमुना २३ ला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, चढवून घ्या. याला वेळ लागतो. "एवढ्या भानगडीत कोण पडतं" म्हणणाऱ्यांनी हे काम हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची घाई नंतर मुलांना भोवते.

एक मुदतही लक्षात ठेवा. शेताकडं जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. "बघू, बोलू, मिटेल" करत लोक ही मुदत घालवतात.

मोटारसायकलवाल्याला विचारून वाट ठरवणं

बैठकीला येतात ते सगळे मोटारसायकलवर. त्यांना चढ जाणवत नाही, अंतर जाणवत नाही, कुत्री जाणवत नाहीत. चालणारी आणि सायकलवरची माणसं त्या वेळी शेतात किंवा शाळेत असतात. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत धरली आहे. नववीपासून पुढं अंतर एकदम वाढतं आणि सायकलची खरी गरज तिथं लागते. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्या मुलींनाच वर्गात जाऊन विचारा. फळ्यावर गावाचं चित्र काढायला सांगा आणि भीती कुठं वाटते तिथं फुली मारायला लावा. महिला ग्रामसभेत विषय घ्या, नंतरच्या मोठ्या सभेत बायका बोलत नाहीत.

चढाची परीक्षा बिनगिअरच्या सायकलवर करा, मागं दप्तर बांधून. उतरून ढकलावी लागली तर तिथं वाट थोडी वळवून घ्या, लांब झाली तरी चालेल. शहरातून गिअरची सायकल आणून "काही चढ नाही" असा शेरा मारणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

डांबराची कड विसरणं

वाट कुठंतरी डांबरी रस्त्याला मिळतेच, आणि अपघात बहुतेक त्या तुकड्यावर होतात. दर वेळी डांबराचा नवा थर पडतो, रस्ता उंच होतो आणि साइडपट्टी खाली राहते. वीतभर खोल कड तयार होते. गाळपाच्या हंगामात समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला की सायकलवाल्याला खाली उतरावंच लागतं, आणि त्या कडेवरून पुढचं चाक घसरतं. पोरगं पडतं ते नेमकं ट्रॉलीच्या बाजूला. त्यामुळं नवी वाट पुढच्या वर्षी झाली तरी चालेल, पण शाळेजवळची साइडपट्टी मुरमानं डांबराच्या पातळीला आणून दाबून घेणं याच वर्षी करा. याला फार पैसा लागत नाही, नुसता पाठपुरावा लागतो.

गतिरोधक बांधताना उंच, उभट ढिगारा घालू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असतो. गावातला गतिरोधक बहुतेक याच्या निम्म्याहून कमी रुंद असतो आणि त्यावर सायकलच्या कॅरिअरवर बसलेलं लहान पोर उडतं.

आणखी काही, थोडक्यात

उभा ऊस. पाहणी तोडणीनंतर केली की वळणावर लांबवर दिसतं. सहा महिन्यांनी तिथं दीड पुरुष उंचीची भिंत असते. वळणावरच्या शेतकऱ्याला कोपऱ्यातल्या दोन-चार सऱ्यांत भुईमूग किंवा हरभरा घ्यायला सांगा. नीट सांगितलं की ऐकतात.

वस्तीवरची कुत्री. नकाशावर नसतात, पण सायकल दिसली की मागं लागतात, आणि एकदा घाबरलेली मुलगी पुन्हा त्या वाटेला जात नाही. मालकाशी बोला. तो नाहीच म्हणाला तर वाट घराच्या पाठीमागून काढा.

पाइपलाइनचे आडवे चर. शेतकरी वाट खणून पाइप टाकतो आणि माती नुसती लोटून देतो, पहिल्या पावसात तिथं खड्डा. खणण्याआधी ग्रामपंचायतीला सांगायचं आणि चर दाबूनच बुजवायचा, असा ठराव करून ठेवा.

रानडुकरांसाठी लावलेली झटक्याची तार वाटेला चिकटून नको. हात लांब केला तरी लागणार नाही एवढी आत घ्यायला लावा.

सौरदिवे. बॅटरी गेली की नुसता खांब उरतो. दिव्यांच्या आधी झुडपं तोडा, निम्मी भीती तिथंच कमी होते.

सगळी वाट काँक्रीटची करायचा हट्ट सोडा. निधी पहिल्या दोनशे मीटरलाच संपतो आणि पुढचा चिखल तसाच राहतो. ओढ्यावर फरशी किंवा मोरी, चिखलाच्या जागी खडी-मुरूम, बाकी आहे ती वाट. एवढं आधी करा.

वाट केली आणि सोडून दिली

पावसाळा संपला की वाट पुन्हा रानाच्या ताब्यात जाते. गवत गुडघ्याला येतं, बाभळीच्या फांद्या डोळ्यांच्या उंचीवर येतात आणि सराट्याची वेल जमिनीवर पसरते. सराट्याच्या एकेका फळाला चारी बाजूंनी टोकं असतात, कसंही पडलं तरी एक टोक वर. ट्यूबचा निकाल लागतो. गावात पंक्चर काढणारा नसेल तर ती सायकल आठवडाभर घरात पडून राहते आणि मुलीची शाळा बुडते.

म्हणून वाटेचे तुकडे वाटून द्या, प्रत्येक तुकड्याला एक घर किंवा एक बचत गट, आणि दसऱ्याच्या आधी खुरपं-कोयता घेऊन साफसफाई. सराटा फळं धरायच्या आत उपटायचा, पिवळी फुलं दिसली की लगेच. नंतर उपटला तर काटे तिथंच गळतात. वर्षाचा मुरूम आणि मजुरी ग्रामपंचायत विकास आराखड्यात स्वतंत्र ओळीत लिहून घ्या, "रस्ते दुरुस्ती" या मोघम शीर्षकात घातलं की पैसे मोठ्या रस्त्याकडं जातात. शाळेत शिपायाच्या खोलीत हवेचा पंप, दोन पाने, सोल्युशन आणि रबराचे तुकडे ठेवा. पंक्चर काढायला नववीच्या मुलींना शिकवा. एका दुपारी शिकतात आणि मग धाकट्यांच्या सायकलीही त्याच करून देतात.