जुन्या पिकअपमध्ये इंजिन बदलताना मॅन्युअल गिअरबॉक्स कसा निवडावा

जुन्या अमेरिकी पिकअपमध्ये दुसरे इंजिन बसवायचे ठरले, की बहुतेक जण त्या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) पाहून गिअरबॉक्स शोधू लागतात. टॉर्क पाहायचाच आहे. परंतु सुरुवात गाडीच्या मागच्या टोकाकडून करावी, कारण टायरची उंची आणि क्राउन-पिनियनचे (मागच्या एक्सलमधल्या गिअर-जोडीचे) गुणोत्तर ठाऊक नसेल तर गिअरबॉक्सच्या आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

पहिली पायरी मोजणीची. पुढच्या चाकांना ओट (अडसर) लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, मागचे एकच चाक जॅकने उचलावे आणि खाली भक्कम स्टँड द्यावा. गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे. साध्या, म्हणजे लॉक नसलेल्या डिफरन्शिअलमध्ये (दोन्ही मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचात) तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे घेतो, तेच गुणोत्तर. खूण पावणेचार फेऱ्यांच्या किंचित अलीकडे थांबली, तर ते बहुधा ३.७३ असते.

आता वेगाचा हिशेब करावा. टायरचा व्यास ७५ सेंटीमीटर असेल, तर ताशी ९० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६३७ फेरे घेते. ३.७३ च्या क्राउन-पिनियनवर, टॉप गिअर १.०० असताना इंजिन साधारण २,३७५ आरपीएमवर चालते, ०.७३ चा ओव्हरड्राइव्ह (१.०० पेक्षा कमी गुणोत्तराचा गिअर) मिळाला तर ते १,७३५ पर्यंत उतरते. टी-५६ या सहा गिअरच्या गिअरबॉक्समधल्या सहाव्या गिअरचे ०.५० हे गुणोत्तर ऐकायला मोहक वाटते, पण याच गाडीत त्या वेगाला इंजिन १,२०० आरपीएमच्याही खाली येईल आणि जरासा चढ लागताच धापा टाकेल.

दुसरी पायरी पहिल्या गिअरची. १९६८ ते १९९१ या काळातल्या जनरल मोटर्सच्या ट्रकांमधला चार गिअरचा एसएम४६५ हा गिअरबॉक्स पहिल्या गिअरमध्ये ६.५५ गुणोत्तर देतो, वरच्याच हिशेबाने १,००० आरपीएमला गाडी ताशी जेमतेम सहा किलोमीटरने सरकते. ओझे ओढताना हे वरदान आहे, मात्र रिकाम्या गाडीला रोज दुसऱ्या गिअरमध्येच उचलावे लागते आणि ओव्हरड्राइव्ह नसतोच. एनव्ही४५०० या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये दणकट पहिला गिअर आणि ओव्हरड्राइव्ह दोन्ही मिळतात, पण तो जड आणि लांब आहे. ओझे क्वचितच वाहायचे असेल, तर पहिल्या गिअरला चारच्या आसपास गुणोत्तर असलेला एनव्ही३५०० मला अधिक शहाणपणाचा वाटतो. फक्त त्याची सहनशक्ती मर्यादित असल्याने जोरकस इंजिनामागे तो लावू नये.

तिसरी पायरी जोडणीची, आणि खरी फसगत इथेच होते. शेव्हरोलेच्या एलएस इंजिनाचा क्रँक फ्लँज (क्रँकशाफ्टचे फ्लायव्हील बसते ते टोक) त्याच कंपनीच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनाच्या तुलनेत सुमारे १० मिलिमीटर आत असतो. त्यामुळे जुना गिअरबॉक्स लावताना योग्य स्पेसर किंवा लांब पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक क्रँकमध्ये आधारणारे बेअरिंग) घ्यावे लागते. बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे, क्लचभोवतीचे कवच) बसवल्यावर त्याचे मधले भोक क्रँकच्या मध्याशी जुळते का, हे डायल गेजने तपासावे. गेजचा काटा ०.००५ इंचाहून अधिक हलला, तर ऑफसेट डॉवेल पिन (मध्य किंचित सरकवणाऱ्या जुळणीच्या खुंट्या) लावून बेलहाउसिंग सरळ करावे. नाहीतर गिअर अडकू लागतात आणि दोष विनाकारण सिंक्रोवर (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांवर) जातो.

खरेदीपूर्वी गिअर लिव्हर फरशीतून कुठे बाहेर येईल हेही टेपने मोजावे. तो सीटच्या कडेला घासत असेल, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा चॅसिसचा आडवा दांडा) सरकवावा लागत असेल किंवा प्रोपेलर शाफ्ट कापून घ्यावा लागत असेल, तर तो खर्च गिअरबॉक्सच्याच किमतीत धरावा.

वापरलेला गिअरबॉक्स घेताना तळाचा बोल्ट काढून तेल बोटांवर चोळून पाहावे. पितळेची बारीक चमक चालते. लोखंडाचे कपचे सापडले, तर सौदा सोडून द्यावा. नवे तेल भरतानाही कंपनीने सांगितलेलेच वापरावे: एनव्ही४५०० ला ठरावीक जीएल-४ दर्जाचे सिंथेटिक गिअर तेल लागते.